संगीतसूर्य केशवराव भोसले : स्पर्धक असावा तर असा



परिपाठात किंवा जयंतीच्या दिवशी आपण मुलांना थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगतो. त्यात राजे असतात, संत असतात, क्रांतिकारक असतात. नट आणि गायक मात्र सहसा नसतात. ९ ऑगस्ट म्हटलं की आपल्याला क्रांतिदिन आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण याच तारखेला १८९० साली कोल्हापुरात एक मूल जन्माला आलं. त्याचं नाव केशव विठ्ठल भोसले. पुढे महाराष्ट्र त्यांना संगीतसूर्य म्हणू लागला. त्यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा. का, ते शेवटी तुमच्या लक्षात येईलच.

शाळेऐवजी नाटक कंपनी

केशव अगदी लहान असतानाच वडील गेले. घरची गरिबी. आज ज्या वयात आपण मुलांचं बोट धरून अंगणवाडीत सोडतो, त्या वयात केशव नाटक कंपनीत गेला. कंपनीचं नाव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी.

त्या काळची नाटक कंपनी म्हणजे काय, हे मुलांना नीट समजावून सांगावं लागतं. पन्नास-साठ माणसांचं एक फिरतं घरच म्हणा ना! पडदे, पेट्या, पोशाख, स्वयंपाकाची भांडी असं सगळं घेऊन या गावाहून त्या गावाला जायचं. तिथे मुक्काम टाकायचा, दिवसा तालीम आणि रात्री नाटक. नाटक रात्री सुरू झालं की कधी कधी पहाट व्हायची. स्त्रिया रंगमंचावर येत नसत, म्हणून गोड गळ्याच्या मुलांना साडी नेसवून उभं करत. माईक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला गाणं ऐकू गेलं पाहिजे, तेही नुसत्या गळ्याच्या जोरावर.

केशवची शाळा हीच. ऐकायचं, पाठ करायचं, पुन्हा म्हणायचं. चुकलं की बोलणी खायची. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकात त्यांनी शारदेचं काम केलं. पैशासाठी म्हाताऱ्याशी लग्न लावलं जाणारी ही कोवळी मुलगी. छोट्या केशवने ती अशी उभी केली की त्यांचं नाव गावोगाव पोहोचलं.

एक गोष्ट इथे आपण शिक्षकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना १ रुपया दंड! तोपर्यंत केशवराव २७ वर्षांचे झाले होते. त्यांच्या लहानपणी असा कायदा नव्हता. त्यांचा गळा होता म्हणून ते तरले. गळा नसलेल्या इतर मुलांचं काय झालं असेल, याचा विचार करा.

सतराव्या वर्षी मालक

१९०८ च्या जानेवारीत हुबळीला केशवरावांनी स्वतःची नाटक कंपनी काढली. नाव ठेवलं ‘ललितकलादर्श’. वय किती? सतरा पूर्ण. म्हणजे आपल्याकडे बारावीत असणारा मुलगा! माणसांचे पगार, रोजचं जेवण, प्रवास, भाडं, सगळा भार त्यांच्या अंगावर आला.

नाटकं निवडतानाही त्यांनी धाडस दाखवलं. हिराबाई पेडणेकर या लेखिकेचं ‘दामिनी’ नाटक ललितकलादर्शने रंगमंचावर आणलं. बाईने नाटक लिहिणं हेच त्या काळी नवल होतं. मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’ हे हुंड्यावरचं नाटकही याच कंपनीने केलं. गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या मोठ्या गवयाने कंपनीच्या नाटकांना चाली दिल्या. लहानपणी शिकायचं राहिलं म्हणून केशवराव थांबले नाहीत, मोठेपणीही ते शिकत राहिले.

सगळे तुलना करत होते

आता मुख्य गोष्ट. त्याच काळात आणखी एक नट महाराष्ट्र गाजवत होता, नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व. केशवरावांपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. त्यांचीही स्वतःची कंपनी होती. एकाचं गाणं लडिवाळ, दुसऱ्याचं जोरकस आणि तानांनी भरलेलं. झालं! रसिकांचे दोन तट पडले. श्रेष्ठ कोण, यावर लोक तावातावाने भांडायचे.

आपल्या घरात आणि वर्गात रोज काय होतं? तो बघ, तुझ्यापेक्षा पुढे गेला. तिला बघ किती मार्क पडले. हो ना? या दोघांची अशी तुलना अख्खा महाराष्ट्र करत होता, आणि त्यावर दोन कंपन्यांच्या माणसांचं पोट अवलंबून होतं.

१९२० साली लोकमान्य टिळक गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने टिळक स्वराज्य फंड उभारायचं काम देशभर सुरू झालं. आकडा होता १ कोटी रुपये. तेव्हा या दोन स्पर्धकांनी ठरवलं की या फंडासाठी एकत्र नाटक करायचं. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर.

विचार करा, यात धोका केवढा होता! एकाच रात्री, एकाच रंगमंचावर, एकापाठोपाठ एक गायचं. प्रेक्षक तर तुलना करायलाच आलेले. एकाचं गाणं जरी पडलं असतं तरी कंपनीचं नाव खाली आलं असतं. तरीही दोघे उभे राहिले. प्रयोग कमालीचा रंगला आणि पैसा फंडाला गेला. आज शंभर वर्षं उलटली तरी संगीत नाटकाचा विषय निघाला की ‘संयुक्त मानापमान’ची आठवण निघतेच.

फक्त तीन महिने

त्यानंतर तीन महिनेसुद्धा झाले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. वय अवघं ३१. पुढे बापूराव पेंढारकरांनी आणि नंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ललितकलादर्श चालवली.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदानाला लागून १९१५ साली बांधून पूर्ण केलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं. कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी जणांनी पहिलं नाटक तिथेच पाहिलं होतं.

वर्गात काय करता येईल?

गोष्ट सांगून झाल्यावर एक छोटा उपक्रम घ्या. ज्या दोन मुलांची आपण नेहमी तुलना करतो, मग ती गाण्यातली असोत, गणितातली असोत की धावण्यातली, त्यांची जोडी लावा. त्यांना एकच काम द्या आणि ते वर्गासमोर मिळून सादर करायला सांगा. गुण देऊ नका, नंबर काढू नका. पालकांनीही घरी भावंडांसोबत हे करून बघावं.

जोडीदार तुल्यबळ असला की आपलंही काम उंचावतं, हे मुलांना त्यातून आपोआप कळेल. केशवराव आणि बालगंधर्वांनी ते एका रात्रीत अख्ख्या महाराष्ट्राला दाखवून दिलं होतं.

तुमच्या वर्गात ही गोष्ट कशी रंगली, ते जरूर कळवा.