साने गुरुजी आणि मुलांच्या जखमा

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घरची गरिबी, शिक्षणासाठीची वणवण आणि १९१७ मध्ये आईचा मृत्यू हे सारे त्यांनी विद्यार्थीदशेतच सोसले. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते रागावत नसत. मुले शाळेत गेली की स्वतः खोल्या आवरत, मळके कपडे धुऊन ठेवत. आजारी मुलाची शुश्रूषा आईच्या मायेने करीत. मुले ओशाळत, पण त्यांना भीत नसत.

ही वृत्ती आज शाळांना औषधासारखी हवी आहे. काही मुले स्वतःला इजा करून घेतात. हातावर वारंवार नव्या जखमा दिसतात, उकाड्यातही बाह्या खाली असतात. ‘नाटक आहे’, ‘लक्ष वेधून घेतोय’ असे म्हणून शिक्षक रागावतात. प्रत्यक्षात बहुतेक मुले जखमा लपवतात. असह्य ताण क्षणभर हलका व्हावा, एवढाच अनेकदा हेतू असतो. मरण्याची इच्छा नसली, तरी पुढे आत्महत्येचा धोका वाढतो. म्हणून दुर्लक्ष नको.

अशा मुलाला वर्गासमोर नव्हे, एकांतात शांतपणे विचारावे. उपदेश कमी करावा, ऐकावे जास्त. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. मुलाला कल्पना देऊन पालकांशी बोलावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावात मुलाचे दुःख सर्वांत आधी शिक्षकाच्याच नजरेस पडू शकते. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले.

या मृत्यूला एकच कारण चिकटवणे योग्य नाही. मात्र दुसऱ्यांना आधार देणाऱ्या माणसालाही आधार लागतो, हे विसरता कामा नये. मुलांचे दुःख ऐकणाऱ्या शिक्षकाची विचारपूस मुख्याध्यापकांनी आणि सहकाऱ्यांनी करायला हवी. १४४१६ हा क्रमांक शिक्षकांसाठीही आहे.