घाटमार्गाचे शिल्पकार जेम्स जॉन बर्क्ले

महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं आमच्या धर्मग्रामाचा पाया ज्यांनीं घातला त्यांचें कृतज्ञतापूर्वक स्मरण करणें हें आमचें पहिलें कर्तव्य होय. तें करीत असतां एक विचार वारंवार आमच्या मनांत आला. पाया घालणारा आणि कळस पाहणारा हे बहुधा निरनिराळे असतात. परमेश्वर एकाच्या हातून पेरणी करवितो व दुसऱ्याच्या हातून कापणी. ह्या सत्याचें एक ठळक उदाहरण आमच्याच सह्याद्रीच्या कड्यांवर कोरलेलें आहे. म्हणून अल्प वयांत निवर्तलेल्या एका इंजिनियराचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ते आमच्या देशाचे नव्हते, आणि आमच्या पंथाचे होते असाही आमचा दावा नाहीं. परंतु त्यांच्या एका निर्णयाचा आमच्या जुन्नर-आंबेगांवाशीं निकटचा संबंध आहे, आणि त्यांच्या आयुष्याचा बोध सर्वांनाच घेण्यासारखा आहे.

जेम्स जॉन बर्क्ले यांचा जन्म ता. २१ ऑक्टोबर १८१९ रोजीं लंडन शहरानजीक हॉलोवे येथें झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें १८३९ सालापासून रॉबर्ट स्टीफन्सन ह्या विख्यात इंजिनियराच्या हाताखालीं काम करण्याचा योग त्यांस लाभला. लोहमार्ग ही त्या काळीं अगदीं नवी विद्या होती. ती पुस्तकांतून थोडी व मातींत उभे राहूनच अधिक शिकावी लागे. बर्क्ले यांनीं ती दोन्ही रीतींनीं आत्मसात केली. इंग्लंडांतील कांहीं मार्गांच्या बांधणींत त्यांची हुषारी दिसून आली आणि गुरूचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. १८४९ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीस हिंदुस्थानांतील कामासाठीं मुख्य इंजिनियर हवा होता. तेव्हां स्टीफन्सन यांनीं आपल्या ह्या शिष्याची शिफारस केली. १८५० च्या फेब्रुवारींत बर्क्ले मुंबईस उतरले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तीस वर्षांचें होतें.

त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबर रोजीं लोहमार्गाच्या कामास आरंभ झाला. अडीच वर्षांत मुंबई ते ठाणें हा सुमारें २१ मैलांचा मार्ग तयार झाला. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं चवदा डब्यांची गाडी सुमारें चारशें निमंत्रितांस घेऊन बोरीबंदरावरून निघाली. प्रवाशांस वाहून नेणारी हिंदुस्थानांतील ही पहिली आगगाडी होय. पुढच्या वर्षीं ठाण्याची खाडी ओलांडून गाडी कल्याणास पोहोंचली. ह्या कामांत बर्क्ले यांनीं केवळ विलायतेहून आलेल्या कंत्राटदारांवर भिस्त ठेविली नाहीं. जमशेटजी दोराबजी ह्या पारशी गृहस्थांनीं मार्गाचे अनेक भाग बांधले. एतद्देशीय माणसाच्या अंगीं हें काम करण्याची पात्रता आहे, हें बर्क्ले यांनीं ओळखलें होतें.

परंतु खरी परीक्षा कल्याणच्या पुढें होती. समोर सह्याद्रि उभा होता. त्यावर चढावें कोठून, हा प्रश्न होता. प्राचीन काळीं ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या जुन्नरानें दिलेलें आहे. कल्याण बंदरांत उतरलेला माल नाणेघाटानें वर चढून जुन्नराच्या पेठेंत येत असे. घाटमाथ्यावरील लेणें, त्यांतील नागनिका राणीच्या काळचा शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण ह्याची साक्ष देत आजही उभे आहेत. आगगाडीच्या मूळ योजनेंतही आमच्या ह्या भागास मान होता. कंपनीचे एक प्रवर्तक जॉन चॅपमन यांच्या काळांतील आराखड्यांत गाडी माळशेज घाटानें वर चढून आळ्याच्या बाजूस येणार होती, आणि तेथून देशावर तिच्या शाखा पसरणार होत्या. ती योजना सिद्धीस गेली असती तर जुन्नर तालुका हें दख्खनचें महाद्वार झालें असतें.

बर्क्ले यांनीं घाटांची कसून पाहणी केली. दऱ्या, कडे, ओढे व उतार मोजून पाहिले. माळशेजचा चढ अतिशय तीव्र आहे, म्हणून आगगाडीच्या इंजिनास तो झेपणें कठीण, असें त्यांच्या ध्यानांत आलें. शिवाय एकाच घाटापेक्षां उत्तरेकडे थळ घाट व दक्षिणेकडे बोर घाट असे दोन मार्ग काढल्यास खानदेश व पुणें ह्या दोन्ही बाजूंची सोय होत होती. त्यांनीं माळशेज सोडण्याचा सल्ला दिला, व कंपनीनें तो मानला. त्याचें फळ आम्ही अद्याप भोगीत आहों. पुणें-नाशिक लोहमार्गाची चर्चा कित्येक वर्षें आमच्या कानांवर येत आहे. परंतु आजतागायत जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतून आगगाडी धांवलेली नाहीं. आमच्या वडीलधाऱ्यांच्या मनांत ह्याविषयीं खंत असल्यास ती स्वाभाविक आहे. तथापि न्यायबुद्धीनें पाहतां, ज्यानें डोंगर मोजून निर्णय दिला त्यास आम्ही दोष देऊं शकत नाहीं. कागदावरील सुंदर रेघ खडकाशीं जुळत नसेल तर ती पुसून टाकण्याचें धैर्य त्याच्या अंगीं होतें.

बोर घाटाच्या कामास १८५६ च्या आरंभीं सुरुवात झाली. पायथ्याच्या पळसदरीपासून माथ्यावरील लोणावळ्यापर्यंत हा मार्ग पावणेसोळा मैलांचा असून तेवढ्यांत त्यास १८३१ फूट चढावयाचें होतें. कोठें कोठें तर सदतीस फुटांस एक फूट असा चढ होता. पंचवीस बोगदे खोदावे लागले व आठ मोठे पूल कमानींवर तोलावे लागले. वळण घेण्यास जेथें जागाच नव्हती तेथें बर्क्ले यांनीं उलट-सुलट मार्गाची युक्ति योजिली. गाडी एका सपाट टेकाडावर येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास जोडलें जाई व तीच गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढूं लागे. मधल्या काळांत, १८५८ च्या जून महिन्यांत, खंडाळा ते पुणें हा माथ्यावरचा मार्ग सुरू झाला. मात्र खोपोली ते खंडाळा हा घाट उतारूंस डोलींत, पालखींत, नाहींतर पायीं ओलांडावा लागे.

हें सर्व काम सुरुंगाच्या दारूनें, छिणी-हातोड्यानें व माणसांच्या पाठीवर झालें. १८६१ सालीं घाटावर बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. कड्यावरून दोरानें खालीं सोडलेला माणूस लोंबकळतच कातळांत भोंक पाडीत असे. पटकीच्या सांथींनीं तर अगणित बळी घेतले. त्यांतच मजुरांस त्यांची मजुरी वेळेवर व पुरती मिळत नव्हती. ह्या अन्यायामुळें १८५९ च्या जानेवारींत दंगा उसळला, सरकारी चौकशी झाली, आणि कंत्राटदार फॅव्हिएल यांनीं काम सोडलें. कांहीं काळ कंपनीच्या इंजिनियरांनाच तें चालवावें लागलें. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथें येऊन थोड्याच आठवड्यांत मरण पावले. तेव्हां त्यांच्या विधवा पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं तें कंत्राट मोठ्या धीरानें पुढें चालविलें. ह्या साऱ्या संकटांचा भार मुख्य इंजिनियराच्या शिरावर होता.

अकरा वर्षांच्या अविश्रांत श्रमांनीं बर्क्ले यांची प्रकृति ढासळली. १८६१ सालीं त्यांस विलायतेस परतणें भाग पडलें. घाटाचें काम तेव्हां पुष्कळसें झालें होतें. परंतु पुरें झालें नव्हतें. ता. २५ ऑगस्ट १८६२ रोजीं सिडनहॅम येथें, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. त्यानंतर आठ महिन्यांनीं, ता. २१ एप्रिल १८६३ रोजीं, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें बोर घाटाचा मार्ग खुला झाला आणि मुंबईची गाडी प्रथमच थेट पुण्यास पोहोंचूं लागली. ज्यानें ती रेघ आंखली तो मात्र ती पाहण्यास उरला नव्हता. थळ घाट तर त्याच्याही नंतर, १८६५ सालीं, पुरा झाला.

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनियरिंगच्या परीक्षेंत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास बर्क्ले यांच्या नांवचें पारितोषिक देण्यांत येऊं लागलें. १८८३ सालीं तें पुण्याच्या कॉलेजांतील मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं मिळविलें. एका अल्पायुषी इंजिनियराचें नांव अशा रीतीनें एका शतायुषी इंजिनियराच्या आरंभाशीं जोडलें गेलें. पुण्याचा आमचा धर्मप्रांत १८८६ सालीं स्थापन झाला, त्या वेळीं ह्या घाटांतून गाडी धांवूं लागून तेवीस वर्षें झालीं होतीं. आमचे आद्य मिशनरी व पुढील किती तरी धर्मगुरू मुंबईहून देशावर येतांना ह्याच घाटानें वर चढले असतील. आगगाडी आमच्या दारीं आली नाहीं. तरी तिनें आणलेल्या कृपेंत आमचाही वांटा आहेच.

पवित्र शास्त्रांत मोशेची कथा आहे. चाळीस वर्षें त्यानें आपल्या लोकांस रानांतून चालविलें, नबो डोंगरावरून वचनदत्त भूमि डोळे भरून पाहिली, आणि तींत पाऊल न ठेवतांच तो निवर्तला. बर्क्ले यांस तर दुरून पाहण्याचेंही भाग्य लाभलें नाहीं. तथापि अपुरें राहिलेलें काम हें वायां गेलेलें काम नव्हे. त्यांची मोजणी अचूक होती, म्हणूनच मागाहून आलेल्यांस तें पुरें करतां आलें.

वाचकहो, मोठ्या कामांची किंमत कोण देतो, हें आंबेगांवकरांस वेगळें सांगावयास नको. मूळ आंबेगांव आज डिंभें धरणाच्या पाण्याखालीं आहे, व त्या पाण्यावर कोणाचीं तरी शेतें हिरवीं होतात. बोर घाटांतही एका इंजिनियराचें नांव उरलें आणि हजारों मजुरांचीं नांवें मातींत मिसळलीं. आमच्या मंदिराच्या भिंतींचीही कथा ह्याहून निराळी नाहीं. धर्मगुरूंचीं नांवें नोंदवहींत आढळतात. दगड वाहणाऱ्या बायाबापड्यांचीं आढळत नाहींत. परमेश्वराच्या नोंदवहींत मात्र एकही नांव गळत नाहीं. म्हणून महोत्सवाच्या मिस्सेंत आम्ही ज्ञात व अज्ञात अशा सर्वच पाया घालणाऱ्यांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना करूं या, आणि त्यांनीं अपुरें ठेविलेलें काम त्यांच्याच निष्ठेनें पुढें नेऊं या.