जन्मावरून गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याला अण्णाभाऊंनी ‘फकिरा’तून उत्तर दिलं

कराडपासून जवळच वाटेगाव आहे. १ ऑगस्ट १९२० ला तिथल्या मांगवाड्यात अण्णाभाऊ साठे जन्मले. इंग्रजांनी १८७१ पासून जातीच्या जाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. गुन्हा केलेला नसला तरी मांगांना हजेरी द्यावी लागायची.

अण्णाभाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची. पुढे घरच्यांसोबत पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, शाहीर झाले.

१९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का मात्र राहिला. १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी लुटणारा वाटेगावचा मांग तिचा नायक होता. त्याच वर्षी मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा झाला.

१८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. चोरी झाली की आधी भटक्या-विमुक्तांच्या पालावर जायचं, ही सवय मात्र अजून गेलेली नाही.