जयंतीबाईंची लेक : डॉ. रखमाबाई

आपल्या माजरीत पणज्यांच्या आठवणी निघाल्या, तर पंधरा-सोळाव्या वर्षी पाळण्याची दोरी हाती आलेली एखादी तरी आठवतेच. मुंबईच्या जयंतीबाई अशाच. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी, १८६४ साली, पदरी मुलगी आणि सतराव्या वर्षी वैधव्य. ती मुलगी म्हणजे डॉ. रखमाबाई.

जयंतीबाई सुतार समाजातल्या. तेथे विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक होती, म्हणून सहा वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला. पांढरपेशा घरात त्या जन्मल्या असत्या, तर केशवपन करून कोपऱ्यात बसणेच नशिबी आले असते.

तरी रूढी सुटली नाही. रखमाबाईंचेही अकराव्या वर्षी लग्न झाले, एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी. मुलगी वयात आली की गर्भाधानाचा विधी करून तिला नवऱ्याच्या स्वाधीन करायची, ही त्या काळची रीत. येथे मात्र सखाराम अर्जुन आडवे आले. एवढ्या कोवळ्या वयातला संसार देहाला सोसत नाही, असे या डॉक्टरांचे मत होते. सावत्र बाप म्हटले की आपण नाक मुरडतो. पण आईच्या वाट्याला आलेले पंधरावे वर्ष लेकीला चुकले ते या सावत्र बापामुळे!

रखमाबाई माहेरीच राहिल्या, वाचू-शिकू लागल्या. बायकोला नांदायला पाठवा म्हणून १८८४ साली दादाजींनी दावा लावला. पुढच्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. त्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांचा निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये उलट हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. लोकमान्यांचा ‘केसरी’सुद्धा त्यांच्या विरोधात होता, हे आज वाचताना मन खट्टू होते. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

याच वादळानंतर, बंगालमधील अल्पवयीन फुलमणीच्या मृत्यूने आणखी हळहळ उडाली आणि १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झाले. मुलीच्या लग्नाचे वय अठरा व्हायला मात्र १९७८ साल उजाडावे लागले.

रखमाबाई १८८९ मध्ये विलायतेला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोट येथील बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी तीसहून अधिक वर्षे काढली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्या वारल्या.