रुग्णसेवेत स्वतःला विसरलेला सोलापूरचा डॉक्टर

रुग्णालयात सेवेला जाणाऱ्याने आधी स्वतःची प्रकृती सांभाळावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांना हे ठाऊक नव्हते असे नाही.

सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या कोटणीसांनी मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते स्वेच्छेने सामील झाले. नागपूरचे ज्येष्ठ डॉ. मोरेश्वर चोळकरही या पथकात होते. चौघे यथावकाश मायदेशी परतले. वडिलांच्या निधनाची वार्ता येऊनही कोटणीस मात्र तेथेच राहिले.

उत्तर चीनच्या आघाडीवर त्यांच्याआधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून काम करीत. शस्त्रक्रियेदरम्यान बोटाला झालेली जखम चिघळून रक्तात विष भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथून दगावले. एवढीशी जखम! त्यांच्याच नावाच्या रुग्णालयाची सूत्रे १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली.

औषधांचा तुटवडा, अपुरे अन्न, कडाक्याची थंडी आणि अहोरात्र शस्त्रक्रिया. त्यातच त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारांसाठी आघाडी सोडण्याचा सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. पत्नी क्वो छिंगलान याही त्याच रुग्णालयात परिचारिका होत्या. मुलगा यिनहुआ तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता; त्याच्या नावातील ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.