सेरामपूर ते फिलाडेल्फिया : डॉ. आनंदीबाई जोशी

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर पडलेल्या कुटुंबांना बदलीचा हुकूम काय असतो, हे सांगावयास नको. बिऱ्हाड बांधावयाचे, नवा मुलूख, नवी भाषा, आणि मुलांच्या शिक्षणाची पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव. पोस्ट खात्यातील गोपाळ विनायक जोशी या नोकरदाराने अशा बदल्या पुष्कळ पाहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, पुढे कलकत्ता, बराकपूर आणि शेवटी सेरामपूर. (हे सेरामपूर म्हणजे नगरकडील आपले श्रीरामपूर नव्हे, ते बंगालात, हुगळीच्या काठी आहे.) या फिरत्या संसारातच त्यांच्या पत्नीच्या परदेशी शिक्षणाची तयारी झाली. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. मात्र आगबोटीवर पाऊल ठेवण्यापूर्वी जवळजवळ पाच वर्षे ही तयारी चालली होती, याची आठवण क्वचितच काढली जाते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले तेव्हा बिजवर गोपाळराव तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकविण्याचा त्यांचा ध्यास विलक्षण होता, आणि त्या ध्यासाला विक्षिप्तपणाची व कठोरपणाची जोडही होती. अभ्यासात कुचराई झाली की मारही बसे. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात या दिवसांची आठवण स्पष्ट शब्दांत काढली आहे. गोपाळरावांचे श्रेय मोठे आहे, पण ते देताना ही बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. बाळंतिणीला व तान्ह्या मुलाला पाहावयास स्त्री डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरला दाखविण्याची रीत नाही, हे त्यांनी स्वतःच्या घरात अनुभवले. वैद्यकच शिकावयाचे, हा निश्चय त्यातूनच पक्का होत गेला.

अमेरिकेचा पहिला प्रयत्न १८७८ सालचा, कोल्हापूर मुक्कामीचा. पत्नीचे शिक्षण आणि स्वतःसाठी तिकडे काही काम, अशी दुहेरी विनंती करणारे पत्र गोपाळरावांनी मिशनऱ्यांमार्फत पाठविले. ते प्रिन्स्टनच्या वाइल्डर नावाच्या मिशनरी संपादकाच्या हाती पडले. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदतीचा विचार होईल, असा उत्तराचा रोख होता. जोशी दांपत्याला हे मान्य नव्हते. एका पत्रात दोन मागण्या, आणि तेही धर्मप्रसार हेच ज्याचे काम अशा गृहस्थाकडे. अशा अर्जाला दुसरे कोणते उत्तर येणार होते? एक मात्र झाले. वाइल्डरांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना सहज ते मासिक चाळले, आणि हिंदुस्थानातील या अनोळखी मुलीला आपण होऊन पत्र घातले.

येथून खरी तयारी सुरू झाली. पत्र पोचण्यास आणि त्याचे उत्तर येण्यास महिनेच्या महिने लागत. एखादी शंका विचारली तर ऋतू पालटल्यावर तिचा उलगडा व्हावयाचा. तरीही हा पत्रव्यवहार तीन वर्षे अखंड चालला. चालीरीती, धर्म, बायकांची स्थिती, खाणे-पिणे, आजार, कोणताही विषय त्यात वर्ज्य नव्हता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. बंगालच्या हवेत आनंदीबाईंना ताप व डोकेदुखी यांनी घेरले, तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे धाडली. आज परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरणाऱ्या आपल्या मुलांना माहितीची उणीव नसते. परंतु उतरल्यावर जिच्या दारी जावे अशी मावशी त्यांच्यापैकी किती जणांना लाभते? आनंदीबाईंनी ती केवळ पत्रांच्या बळावर मिळविली होती.

१८८१ मध्ये बदली कलकत्त्यास झाली. आता कोठे शिकावयाचे हा प्रश्न होता. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून स्त्रियांना घेत असत. कलकत्त्याच्या कॉलेजाने आपले दार अद्याप उघडले नव्हते. ते उघडले १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघाल्या त्याच वर्षी, आणि कादंबिनी गांगुली तेथेच शिकून डॉक्टर झाल्या. इतरत्र सुईणींचे वर्ग होते, पण तेवढ्यावर त्यांचे समाधान होणार नव्हते. पुरुष अध्यापकांच्या वर्गात एकट्या हिंदू मुलीने बसणे त्या काळी किती अवघड, याचाही त्यांनी विचार केला होता. थॉर्बर्न नावाच्या डॉक्टर दांपत्याने फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया वूमन्स मेडिकल कॉलेजचे नाव सुचविले. खास स्त्रियांसाठी १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था म्हणजे मनाजोगी निवड होती.

पैशाचा हिशोब मात्र दोघांच्या प्रवासाला पुरेना. तेव्हा त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते असे ठरले: पत्नीने एकटीने पुढे जावे, पतीने मागाहून यावे. आनंदीबाईंनी सोन्याच्या बांगड्या विकल्या. ही बातमी फुटताच बंगाली व मराठी, सनातनी व ख्रिस्ती अशा सर्व बाजूंनी टीका सुरू झाली. घराबाहेर पडावे तर लोक बोटे दाखवीत. या टीकेला आनंदीबाईंनी दिलेले उत्तर मला त्यांच्या तयारीतील सर्वांत प्रौढ भाग वाटतो. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात सतरा वर्षांची ही मुलगी उभी राहिली आणि तिने इंग्रजीतून व्याख्यान दिले. लोक जे प्रश्न विचारीत तेच तिने एकामागून एक घेतले: अमेरिकाच का, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकटीच का जातेस, परतल्यावर जातीने वाळीत टाकले तर, तिकडे काही संकट ओढवले तर, आणि जे आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते तूच का करावेस. प्रत्येकाचे उत्तर तिच्यापाशी तयार होते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे वचनही तिने दिले. त्यानंतर तिला सहानुभूतीही मिळू लागली आणि आर्थिक मदतही.

अठरा वर्षे पूर्ण होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोच, ७ एप्रिल १८८३ रोजी, त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला. सोबतीला ओळखीच्या गोऱ्या बाया होत्या. पण धर्मांतराचा आग्रह व एकटेपणा यांमुळे प्रवास सुखाचा झाला नाही. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कॉलेज ऑक्टोबरात सुरू व्हावयाचे होते, म्हणजे मध्ये सबंध उन्हाळा होता. हे महिने रोझेलला मावशींच्या घरी गेले. तिकडची बोली कानाला सवयीची झाली आणि घरच्यांना आपले पदार्थ करून वाढण्याची हौसही फिटली. याच काळात, २८ जूनला, त्यांनी कॉलेजकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्यात स्वतःचे वय, कोणकोणत्या भाषा येतात आणि गणित कोठवर झाले आहे, हे त्यांनी सरळ मांडले. तयारीतील उणेपण लपविले नाही. ज्या देशभगिनी पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करतात त्यांच्यासाठी आपण आलो आहोत, एवढाच आपला आधार सांगितला. डीन रेचेल बॉडले यांनी प्रवेश तर दिलाच, शिवाय तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही दिली.

एवढ्या बारकाईने आखलेल्या बेतात एक रकाना रिकामा राहिला होता, तो प्रकृतीचा. फिलाडेल्फियात मिळालेल्या खोलीतील शेगडी धड पेटत नसे; पेटली की खोलीभर धूर. थंडी सोसावी की धूर, एवढीच निवड उरे. पुढे डीनबाईंनी त्यांना आपल्या घरी राहावयास नेले. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीने लुगडे नेसू लागल्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही, आणि त्या थंड मुलखात त्यांना पोटभर मानवेल असे अन्न मिळणे कठीणच होते. हे सारे आधी कळले असते तर टळले असते, असे नाही. शरीर मुळातच नाजूक होते आणि बंगालमधील तापाने ते आधीच पोखरले होते. पण पत्रांतून चर्चिलेल्या शेकडो गोष्टींत राहण्याच्या खोलीला आणि रोजच्या जेवणाला आणखी थोडी जागा मिळावयास हवी होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

अभ्यासात मात्र खंड पडला नाही. त्यांच्याच कॉलेजात जपानहून आलेल्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली शिकत होत्या. आपापल्या देशाच्या पोशाखातील या तिघींचे १० ऑक्टोबर १८८५ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. प्रबंधासाठी आनंदीबाईंनी प्राचीन आर्यांचे प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. गोपाळरावही १८८५ मध्ये अमेरिकेत येऊन पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम. डी. झाल्या. या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्याच वर्षी कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्री-विभागाची जागा दरबाराने त्यांना देऊ केली. आठ वर्षांपूर्वी ज्या कोल्हापुरातून पहिले पत्र गेले, तेथेच डॉक्टर म्हणून परतण्याचे आता ठरले.

त्यानंतरचा काळ फार थोडा. बोस्टनच्या स्त्रियांच्या इस्पितळात अनुभव घेत असताना खोकला बळावला. तो क्षय होता. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क सोडून नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस आल्या तेव्हा स्वागत मोठे झाले, पण रुग्णांना तपासण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. कोल्हापूरची जागा त्यांची वाट पाहत राहिली. पुण्यास उपचार चालू असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण होण्यास एक महिना बाकी होता.

अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांचे चरित्र आले. गोपाळरावांनी पत्नीच्या अस्थी रोझेलच्या मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवलेल्या आहेत. तेथील दगडावर नावापुढे एम. डी. ही अक्षरे कोरलेली आहेत, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी तिची नोंदही आहे.