खडूची टेकडी आणि पांढरीचे टेकाड

झाशी म्हटले की मराठी वाचकाला १८५७ चे बंड आणि त्या धामधुमीत तेथे जाऊन पोचलेले वरसईचे गोडसे भटजी आठवतात. चिंतामणराव वैद्य यांनी भटजींचे प्रवासवर्णन १९०७ साली प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून या नगराशी असलेले आपले नाते मुख्यतः ग्रंथातले आहे. त्याच झाशीच्या परिसराशी महाराष्ट्राचा आणखी एक संबंध आहे. तो ग्रंथाचा नसून दगडाचा आहे आणि म्हणूनच फारसा ठाऊक नाही. झाशीहून दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर ललितपूर लागते. १९७४ मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत ते झाशी जिल्ह्यातच मोडत असे. या भागात पुराश्मयुगीन मानवाच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या, आणि उत्तर बुंदेलखंडातील अशा हत्यारांचा अभ्यास करणारा प्रबंध १९६५ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून सादर झाला. बुंदेलखंडातले दगड पुण्यास जाऊन वाचले जावेत, याचे कारण शोधू लागलो की आपण एका माणसाच्या चरित्रापाशी येतो. त्या चरित्रात इंग्लंडमधील एका टेकडीवर विद्यार्थी म्हणून काढलेले उन्हाळ्याचे दिवस येतात, आणि माझ्या मते तेच त्याचे मर्मस्थान आहे.

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. घराणे वकिलीचे होते. मूल इतके अशक्त होते की ते जगेल, अशी आशा घरच्यांना नव्हती. पुढे आयुष्यभर रानोमाळ हिंडून नद्यांचे काठ धुंडाळणारा हा पुरुष अशा देहानिशी जगात आला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वयाच्या पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या उत्तरध्रुवीय मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर त्यांच्या हाती पडले. त्यातले फारसे काही कळले नाही. परंतु आर्यांविषयी आपणही काही शोधावे, ही ओढ मात्र तेथेच लागली, आणि टिळकांच्या वाटेने जायचे तर संस्कृत आले पाहिजे, असा त्यांनी ग्रह करून घेतला. मराठी पंडिताच्या इंग्रजी ग्रंथाने गुजराती रूपात मुंबईच्या एका मुलाला वळण लावावे, ही घटना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला बोलकी वाटेल.

तेव्हा आरंभ ग्रंथापासून झाला आणि बराच काळ वाट ग्रंथाचीच राहिली. संस्कृत घेऊन पदवी झाली. मग सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. १९३४ मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. नालंदेचे अवशेष तोवर जमिनीवर आले होते, तरी तिच्या इतिहासाचा मोठा आधार म्हणजे ह्युएनत्संग, इत्सिंग यांचे वृत्तांत आणि ताम्रपट. कायद्याचा अभ्यासही चालूच होता, कारण घराण्याची परंपरा ती होती. १९३३ मध्ये सांकलिया लंडनला गेले ते गुजरातच्या पुरातत्त्वावर डॉक्टरेट मिळविण्यासाठी. मंदिरे, मूर्ती आणि शिलालेख हा त्या प्रबंधाचा विषय होता. म्हणजे जे जमिनीवर उभे आहे आणि ज्यावर अक्षरे आहेत, ते. जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न अजून त्यांच्यापुढे आलेला नव्हता.

तो आला डॉर्सेट परगण्यात. डॉर्चेस्टर गावाजवळ मेडन कासल नावाची एक विस्तीर्ण टेकडी आहे. लोहयुगातील लोकांनी तिच्याभोवती एकामागून एक तट आणि खंदक घातले आहेत. मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांची पत्नी टेसा यांनी १९३४ पासून चार वर्षे तेथे उत्खनन केले. टेसा १९३६ मध्ये वारल्या आणि काम व्हीलर यांनी पुरे केले. दर हंगामात विद्यार्थी आणि हौशी मंडळी मोठ्या संख्येने तेथे राबत, आणि प्रेक्षकांचीही रीघ लागे. लंडनमधील वास्तव्यात सांकलिया या विद्यार्थ्यांत सामील झाले.

व्हीलर यांची पद्धत आज सर्वत्र रूढ झाल्याने तिचे नावीन्य आपल्या ध्यानात येत नाही. जमिनीवर चौकोन आखायचे आणि दोन चौकोनांमध्ये न खणलेल्या मातीची एक भिंत राखायची. प्रत्येक चौकोनात माती वरून खाली उतरताना रंग, पोत किंवा घट्टपणा जेथे बदलेल तेथे नवा थर मानायचा. थराला क्रमांक द्यायचा, त्यातून निघालेल्या खापरालाही तोच क्रमांक द्यायचा, आणि राखलेल्या भिंतीच्या उभ्या छेदावर सगळे थर पुन्हा ताडून पाहायचे. वस्तू कितीही सुंदर असली तरी ती कोणत्या थरातली, हे ठाऊक नसेल तर इतिहासाच्या दृष्टीने ती मुकी. यातली सर्वांत बारकाईची गोष्ट खड्ड्याची. नंतरच्या काळातल्या माणसाने धान्य साठवायला किंवा केरकचरा टाकायला खड्डा खणला, तर तो जुने थर फोडून खाली जातो. मग जुन्या वस्तूंच्या पातळीवर, त्यांच्याच शेजारी, नवी वस्तू येऊन बसते. सारख्या खोलीवर मिळाल्या म्हणून दोन्ही वस्तू एकाच काळच्या ठरत नाहीत. खड्ड्याची कड ओळखता आली नाही, तर खणणारा शतकांची गल्लत करतो.

डॉर्सेटच्या टेकडीवर ही कड ओळखणे त्या मानाने सोपे आहे, कारण टेकडीचा गाभा पांढऱ्याशुभ्र खडूच्या दगडाचा आहे. त्यात माणसाने खणलेला प्रत्येक खंदक आणि खड्डा काळसर मातीने भरलेला दिसतो. तेथे निसर्ग पांढरा आणि माणूस काळा. महाराष्ट्रात नेमके उलट आहे. आपल्याकडे शेताची जमीन काळी आणि जुन्या वस्तीची जागा राखेने, चुन्याने, पडलेल्या भिंतींच्या मातीने पांढुरकी झालेली, म्हणून गावाला पांढरी म्हणतात आणि ओसाड वस्तीच्या उंचवट्याला पांढरीचे टेकाड. त्यातही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बारीक मणी किंवा खापराचा तुकडा त्या भेगेतून हातभर खाली घसरतो. खडूच्या टेकडीवर शिकलेला धडा येथे जसाच्या तसा गिरवून भागत नाही. सांकलियांचे खरे कर्तृत्व मला येथे दिसते. शिष्य म्हणून त्यांनी डोळा उसना घेतला, परंतु माती स्वतःची ओळखून घेतली.

ही ओळख व्हायला वेळ लागला. १९३६ मध्ये पदवी घेऊन ते परतले. १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उभे राहिले, तेव्हा तेथे ते प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत पुण्याचेच राहिले. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक काशिनाथ नारायण दीक्षित यांच्या प्रेरणेने १९४१ मध्ये त्यांनी साबरमतीच्या खोऱ्यात अश्मयुगीन मानवाचा शोध घेतला. मंदिरांच्या अभ्यासकाला अचानक दगडगोट्यांकडे वळावे लागले. १९४४ पासून उत्तर गुजरातेतील लांघणज येथे खणताना सूक्ष्म हत्यारांबरोबर मानवी सांगाडे मिळाले, आणि त्यांच्या अभ्यासात इरावती कर्वे सहभागी झाल्या. हाडे वाचायला मानववंशशास्त्रज्ञ हवा, माती वाचायला भूशास्त्रज्ञ हवा, ही जाणीव पुण्यात तेव्हाच मूळ धरू लागली.

कोल्हापूरची ब्रह्मपुरी, मग नाशिक आणि जोर्वे, नर्मदाकाठी महेश्वर आणि पैलतीरावरचे नावडाटोली, अशी पुढची वाट आहे. नाशिक आणि महेश्वर पुराणप्रसिद्ध असल्याने मनात ग्रंथ होताच. हाती मात्र आली ती पुराणांना ठाऊक नसलेली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती. जोर्वे हे संगमनेरजवळचे साधे खेडे. १९५० - ५१ मध्ये तेथे निघालेल्या, लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेल्या, टिचकी मारताच खणखणणाऱ्या खापरांमुळे त्याचे नाव एका संस्कृतीला मिळाले.

नेवासे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. मराठी माणसाला हे गाव ज्ञानेश्वरीमुळे ठाऊक. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हा मराठी वाङ्मयाचा जणू तळथर. प्रवरेच्या काठी लाडमोड नावाच्या टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खणले, तेव्हा मराठा आणि मुसलमानी अमदानीच्या थरांखाली रोमन व्यापाराच्या खुणा लागल्या, त्यांखाली सातवाहनकालीन वस्ती, तिच्याखाली घराच्या जमिनीत रांजणांत पुरलेली मुले, आणि नदीच्या जुन्या गाळात त्याहून कितीतरी प्राचीन दगडी हत्यारे. १९६० मध्ये निघालेल्या अहवालाच्या शीर्षकातही इतिहासापासून प्रागितिहासाकडे असा उलटा क्रम आहे. हा खणणाऱ्याचा क्रम होय. आपण वाङ्मयाचा इतिहास नेहमी तळापासून वर लिहितो, जणू तळ आधीच माहीत आहे. खणणारा वरून, म्हणजे आपल्या स्वतःच्या काळापासून खाली जातो आणि तळ कोठे आहे ते त्याला अखेरपर्यंत ठाऊक नसते.

पुण्यातच, काही मैलांवर, भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. सुकथनकरांनी आदिपर्व १९३३ मध्ये पुरे केले आणि संहितेचे काम १९६६ मध्ये संपले. एकीकडे पोथ्यांचे थर, दुसरीकडे मातीचे. सांकलिया दोन्ही जगांचे नागरिक होते. म्हणून उतारवयात ते खणतीतून पुन्हा ग्रंथाकडे वळले, यात नवल नाही. १९७३ मध्ये त्यांनी रामायणाच्या ऐतिहासिकतेवर एक छोटे पुस्तक लिहिले. रावणाची लंका समुद्रापार नसून मध्य भारताच्या डोंगराळ भागात असावी, हे मत त्यांच्या आधी इंदूरच्या सरदार माधवराव किबे यांनीही मांडले होते. वानरांच्या हातचे सालवृक्ष कोणत्या वनप्रदेशात वाढतात, असे प्रश्न सांकलियांनी विचारले. सुंदरकांडात हनुमान सीतेला रामनामांकित मुद्रिका देतो. अक्षरे कोरलेली अंगठी भारतात ग्रीकांच्या संपर्कानंतर आली असली पाहिजे, म्हणून हा भाग त्या काळाच्या पलीकडे नेता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. श्रद्धावान वाचक दुखावले आणि वाद माजला.

श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून पद्धतीकडे पाहिले तर मला वाटते की डॉर्सेटचा धडा येथे अर्धाच उतरला. मुद्रिका काव्यात आहे, तेव्हा तिचा काळ तो त्या काव्यभागाचा काळ, असे म्हणण्यापूर्वी खड्ड्याची कड शोधायला हवी होती. एखाद्या गायकाने जुन्या प्रसंगात नव्या काळाची अंगठी घातली असेल, तर ती केवळ खड्ड्याचा काळ सांगते, भोवतीच्या थराचा नव्हे. शिवाय मातीत खड्डा भरला तरी त्याची कड उरते. कथा मात्र प्रत्येक गाणारा मुळापासून पुन्हा कालवतो आणि कड पुसली जाते. जुन्या झाशी जिल्ह्यातच, ललितपूरच्या पलीकडे वेत्रवतीच्या काठी, देवगढचे गुप्तशैलीतील दशावतार मंदिर आहे. त्याच्या जोत्यावर रामकथेतील प्रसंग कोरलेले होते आणि त्यांतला अहल्योद्धाराचा शिल्पपट्ट आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो दगड इतकेच सांगतो की इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास हा प्रसंग असा सांगितला जात होता. कथा त्याआधी कोठे आणि कशी होती, याविषयी तो काही बोलत नाही. लेख आणि मूर्ती वाचण्यात मुरलेल्या सांकलियांना हे ठाऊक नव्हते, असे म्हणवत नाही. परंतु ग्रंथाचे बालपणीचे प्रेम बलवत्तर ठरले असावे.

याबाबत गुरूही निर्दोष नव्हते. मेडन कासलच्या पूर्व दरवाज्यापाशी मिळालेल्या सांगाड्यांवरून, आणि विशेषतः एकाच्या मणक्यात रुतलेल्या बाणाच्या लोखंडी अग्रावरून, व्हीलर यांनी रोमन सैन्याच्या हल्ल्याची आणि कत्तलीची अत्यंत चित्रदर्शी हकीकत लिहिली. १९८५ - ८६ मध्ये तेथे पुन्हा उत्खनन झाले आणि त्यानंतरच्या अभ्यासकांना ती कत्तल तशी घडल्याचा भरवसा उरला नाही. थर अचूक नोंदले होते म्हणूनच हकीकत तपासता आली, हे श्रेय व्हीलर यांचेच आहे.

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. आत्मचरित्र त्यांनी १९७८ मध्ये इंग्रजीत लिहिले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू झाले होते. ते १९८२ पर्यंत चालले. शंभराहून अधिक घरे, पाण्याचा पाट, एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला मनुष्य, असे एक संपूर्ण खेडेच त्या पांढरीतून वर आले. येथे ना पुराणाचा आधार होता, ना संतांचे नाव. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी या तिघांच्या नावाने तो प्रचंड अहवाल १९८८ मध्ये निघाला. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात सांकलियांचे निधन झाले.